रकान्याबाहेरचं काम



आज या मंडपात संख्याशास्त्राची पदवी घेणारी एक विद्यार्थिनी बसली आहे. तिच्या गुणपत्रिकेवर मुख्य विषयाखाली आणखी एक ओळ आहे : मायनर, स्त्री अभ्यास. तिचं नाव सांगायची गरज नाही. सासवडहून रोज बसने येणारी, कॅन्टीनमध्ये मैत्रिणींबरोबर डबा खाणारी, सबमिशनच्या आदल्या रात्री जागणारी अशी ती मुलगी आहे. आजचं भाषण तिच्या गुणपत्रिकेवरच्या त्या दुसऱ्या ओळीबद्दल आहे, कारण त्या ओळीने पहिल्या ओळीकडे बघण्याची तिची नजर बदलली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. महाराष्ट्रात ते २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत आणि त्यापुढच्या वर्षी संलग्न महाविद्यालयांत लागू झालं, आणि मेजर-मायनर हे शब्द घराघरांत पोचले. मायनर निवडताना बहुतेकांनी बाजाराचा विचार केला. त्यात गैर काही नाही. फी भरणाऱ्या घरांना तो करावाच लागतो. या मुलीने स्त्री अभ्यास घेतला तेव्हा तिच्या काकांनी विचारलं, ‘आकडेमोड शिकतेस ते ठीक आहे, पण या दुसऱ्या विषयाला नोकरी कोण देणार?’ प्रश्न आपुलकीने विचारलेला होता आणि तो रास्त होता. त्याचं उत्तर पुढे येईल.

स्त्री अभ्यासाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. १९६१ च्या जनगणनेत भारतातल्या कामकरी स्त्रिया सुमारे ५.९ कोटी. १९७१ च्या जनगणनेत सुमारे ३.१ कोटी. त्याच दहा वर्षांत देशाची लोकसंख्या ४३.९ कोटींवरून ५४.८ कोटींवर गेली होती. मग एवढ्या बायका गेल्या कुठे? वर्गातून उत्तरं आली : दुष्काळ पडला असेल, यंत्रं आली असतील, मुली शाळेत जायला लागल्या असतील.

यातल्या प्रत्येकात थोडं तथ्य असेलही. पण मोठं कारण प्रश्नावलीत होतं. १९६१ मध्ये हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासाभराहून जास्त नियमित काम करणारी व्यक्ती कामकरी धरली जात होती. १९७१ मध्ये विचारलं गेलं की तुमचं मुख्य काम कोणतं. खुरपणीला जाणारी, कांदे लावणारी, म्हशींचं सगळं बघणारी बाई या प्रश्नाला ‘घरकाम’ असं उत्तर देणार; पुष्कळदा तर तिच्या वतीने घरातला पुरुषच देणार. ती सकाळी शेतात गेली आणि संध्याकाळी परतली, तरी सरकारी कागदावर ती बिनकामाची ठरली. पुढे स्त्री अभ्यासकांनी आणि संघटनांनी हा मुद्दा लावून धरला, तेव्हा १९९१ च्या जनगणनेत शेतातलं आणि घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरावं, असं प्रश्नातच स्पष्ट लिहिलं गेलं.

संख्याशास्त्राच्या वर्गात या मुलीला नमुना कसा निवडायचा, प्रमाण त्रुटी कशी काढायची हे उत्तम शिकवलं गेलं होतं. प्रश्न कुणी लिहिला आणि उत्तर कुणी दिलं, हे विचारायची सवय मात्र तिला मायनरच्या वर्गात लागली. नमुना मोठा घेऊनही जी चूक सुटत नाही ती हीच, आणि ती समजण्यासाठी तिला दुसऱ्या विषयाच्या बाकावर जाऊन बसावं लागलं.

या विषयाची सुरुवातही अशाच एका हिशेबाने झाली आहे. भारत सरकारने १९७१ साली स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्ष होत्या आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. लोतिका सरकार, लीला दुबे, नीरा देसाई या अभ्यासक त्या कामात होत्या. या सगळ्या स्वातंत्र्यानंतरच्या भारतात शिकवणाऱ्या, कमावणाऱ्या, सुस्थित स्त्रिया. घटनेने समानता दिली आहे, तेव्हा परिस्थिती सुधारतच असणार, असा त्यांचाही समज होता. १९७४ साली ‘टुवर्ड्स इक्वालिटी’ हा अहवाल तयार झाला तेव्हा तो समज टिकला नाही. १९०१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये ९३० उरल्या. आपण वर्षानुवर्षं समाजशास्त्र, कायदा, राज्यशास्त्र शिकवत आलो आणि हे आपल्याला दिसलं कसं नाही, हा प्रश्न त्या अभ्यासकांनी स्वतःला विचारला. अहवालाच्याच वर्षी, १९७४ मध्ये, मुंबईत, महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने देशातलं पहिलं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र उभं राहिलं. १९८१ मध्ये याच विद्यापीठात पहिली राष्ट्रीय परिषद भरली. पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७ चं. हा विषय परदेशातून आयात केलेला आहे असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा बघावा.

तिसऱ्या सत्रात एक सराव होता. घराबाहेरच्या एखाद्या स्त्रीच्या चोवीस तासांची नोंद करायची, आणि तीही राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय वेळेच्या वापराची पाहणी करतं त्याच पद्धतीने. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. एका रकान्यात जास्तीत जास्त तीन कामं लिहायची, प्रत्येक किमान दहा मिनिटांचं.

तिने शेजारच्या काकू निवडल्या. दोन म्हशी, अर्धा एकर अंजिराची बाग, घरात नवरा, सासू, मुलगा, सून आणि नातू. पहाटे साडेपाचच्या रकान्यापाशीच गाडी अडली. काकूंनी गॅसवर पाणी ठेवलं, म्हशीला पेंड घातली, धार काढायला बसल्या, बसल्या बसल्या सुनेला हाक मारून नातवाला उठवायला सांगितलं, उठून दूध गाळलं, अर्धा लिटर घरासाठी पातेल्यात काढलं आणि बाकीचं डेअरीच्या किटलीत ओतलं. दहा मिनिटांची अट लावली की यातली निम्मी कामं पुसली जातात. नातवाला उठवणं, पाण्याकडे लक्ष ठेवणं, सासूबाईंच्या गोळीची आठवण ठेवणं यांना मिनिटंच नाहीत. आणि धार? डेअरीला गेलेलं दूध विक्रीसाठी, म्हणजे ते उत्पन्नाचं काम. पातेल्यातलं दूध घरच्या वापरासाठी, त्याचा गट वेगळा. धार एकच, बादली एकच. त्यात डेअरीचं कार्ड काकूंच्या नवऱ्याच्या नावावर, म्हणजे दहा दिवसांनी होणारं बिल त्याचं. मुलीने वहीत तीनदा खाडाखोड केली आणि शेवटी समासात अख्खा परिच्छेद लिहिला. मॅडमनी त्या समासाला सगळ्यात जास्त गुण दिले.

मग ती देशाच्या आकड्यांकडे वळली. २०१९ च्या पाहणीत घरकामासाठी स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटं. वर्तमानपत्रांत हेच आकडे आले होते. पण ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम करणाऱ्यांची आहे, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या लगेच लक्षात आलं. स्त्रियांपैकी ८१.२ टक्के घरकाम करत होत्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. सगळ्या स्त्रिया आणि सगळे पुरुष धरून सरासरी काढली तर स्त्रियांची २४३ मिनिटं येतात आणि पुरुषांची २५. म्हणजे तिपटीचं अंतर जवळजवळ दसपट होतं. २०२४ च्या पाहणीत, घरकाम करणाऱ्यांपुरती सरासरी २८९ आणि ८८ मिनिटं झाली. वजाबाकी करून पाहा : पाच वर्षांत दोघांतलं अंतर २०२ वरून २०१ वर आलं. एक मिनिट.

हे गणित तिला मेजरने शिकवलं आणि ते करायला लावलं मायनरने. दोन्ही विषय एकमेकांच्या कामाला आले ते असे.

पण स्त्री अभ्यास म्हणजे बायका विरुद्ध पुरुष अशी वजाबाकी, अशी कुणाची समजूत असेल तर ती दुसऱ्या वर्षाच्या वाचनात गळून पडते. पुण्याच्या केंद्रात विद्युत भागवत आणि त्यांच्यानंतर शर्मिला रेगे यांनी हा विषय जातीच्या प्रश्नापासून वेगळा काढूच दिला नाही. रेगे यांचा ‘दलित स्त्रिया वेगळं बोलतात’ या आशयाचा १९९८ चा लेख आणि दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचं २००६ चं पुस्तक आजही देशभर शिकवलं जातं. फुले-आंबेडकरी विचारांतून शिकवण्याची पद्धत कशी घडवता येईल, यावर त्यांनी २०१० मध्ये लिहिलं तेव्हा शीर्षकासाठी जोतीरावांच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाचंच नाव घेतलं. २०१३ साली त्या गेल्या. वय पन्नासही नव्हतं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठीय जीवनातली ही फार मोठी हानी होती आणि तिची जाणीव आपल्याला पुरेशी झालेली नाही.

त्या वाचनातून या मुलीला ऊसतोडीचा हिशेब दिसला. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल घेताना हिशेब बहुधा नवऱ्याशी होतो. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत चढवते आणि मजुरीच्या कागदावर वेगळी दिसतच नाही. एक दिवस बसून राहिली तर खाडा लागतो आणि दंड भरावा लागतो. पाळीच्या दिवसांत, बाळंतपणानंतर, दुखण्यात तिला हा दंड परवडत नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. सहाजणींत एक. त्यांत बहुसंख्य कोणत्या समाजांतल्या आहेत, त्यांच्याकडे जमीन किती आहे, हे विचारल्याशिवाय नुसता ‘स्त्रिया’ हा रकाना भरून काहीच कळत नाही. खाडा, उचल आणि शस्त्रक्रिया ही एकाच हिशेबाची कलमं आहेत.

ज्यांची नोंदच नाही त्यांचा अभ्यास करायचा कसा? मराठीत त्याची दोन ठळक उदाहरणं आहेत आणि दोन्ही तिला पाठ आहेत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ चं. सुरतेच्या एका तरुण विधवेला शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक झाली आणि ताराबाईंनी लेखणी उचलली. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ते पुस्तक जवळजवळ नव्वद वर्षं वाचकांच्या नजरेआड राहिलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं नसतं तर आज ते अभ्यासक्रमातही नसतं. दुसरं उदाहरण ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास कागदोपत्री सापडेना, तेव्हा या दोघी त्या स्त्रियांना शोधत घरोघर गेल्या, त्यांच्या तोंडून चळवळ ऐकली आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभं केलं. त्यांच्या पाठीशी ना मोठा निधी होता ना विद्यापीठाचा विभाग. संशोधन पद्धती शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात हे पुस्तक असायला हवं, मग विषय कोणताही असो.

वर्गात मुलगेही होते, संख्येने थोडे. त्यांच्यातल्या एकाने वेळेच्या नोंदीसाठी आपल्या हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशींचा दिवस लिहिला आणि सादरीकरण करताना तो मध्येच थांबला. दोन वर्षं त्या मावशींच्या हातचं जेवत होतो, पण त्या राहतात कुठे हे आजवर ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणाला. या विषयाचा मुलग्यांना काय उपयोग, असं विचारणाऱ्यांनी त्याचा निबंध वाचावा.

अडचणीही होत्या, त्या झाकण्याचं कारण नाही. वाचायचं बरंचसं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ‘पॅट्रिआर्की’, ‘इंटरसेक्शनॅलिटी’ या शब्दांची धास्तीच जास्त. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार यांनी आपली आत्मकथनं मराठीत लिहिली असताना त्यांच्यावरची चर्चा मात्र इंग्रजी लेखांतून शिकावी लागते, हे मराठी विद्यापीठांना शोभत नाही. त्या चर्चा मराठीत आणणं हे आज पदव्युत्तर अभ्यासाला जाणाऱ्यांचं काम आहे. आणि स्त्री अभ्यास केंद्रांना पुरेशा कायम जागा आणि वेळेवर निधी देणं हे शासनाचं काम आहे. ते या व्यासपीठावरून सांगायलाच हवं.

आता मुलीच्या काकांनी विचारलेला नोकरीचा प्रश्न. पुण्यातच त्याचं ठोस उत्तर आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसएनडीटीच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षणाच्या कामातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलींपर्यंत पोचल्या. मुलींमागून त्यांच्या आयांपर्यंत गेल्या, त्यांच्याबरोबर फेऱ्यांना गेल्या. त्यातून १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या साथीने कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. १९९६ मध्ये पुणे महापालिकेने कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००१ मध्ये संघटनेशी जोडलेल्या अभ्यासकांनी हिशेब मांडला की एक कचरावेचक दरमहा महापालिकेचं २४६ रुपयांचं काम फुकट करते. हा आकडा हातात आल्यावर बोलणी बदलली, आणि पुढे महापालिका नोंदणीकृत कचरावेचकांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता भरू लागली. हे काम करायला समाजकार्य यावं लागतं, संख्याशास्त्र यावं लागतं आणि कुणाचं काम हिशेबात धरलं जात नाही हे ओळखावं लागतं.

नोकरीच्या बाजारातही या शिक्षणाला जागा आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. ती नीट चालवायला जाणती माणसं लागतात. केंद्राच्या अर्थसंकल्पात २००५-०६ पासून स्त्रियांसाठीच्या तरतुदींचं वेगळं विवरण दिलं जातं. ते तपासायला आकडे वाचता येणारी माणसं लागतात. कायदा शिकणाऱ्यांनी मथुरा प्रकरण आठवावं. आजच्या गडचिरोलीतल्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पत्र लिहिणारे चौघेही तुमच्या-आमच्यासारखे वर्गात शिकवणारे होते.

या मुलीला एका संशोधन संस्थेत पाहणीचं काम मिळालं आहे. मुलाखतीत तिला विचारलं गेलं की प्रश्नावली तपासताना ती आधी काय बघेल. उत्तर कोण देणार आहे ते, असं तिने सांगितलं. काकांना आता तिची काळजी वाटत नाही.

विद्यार्थ्यांनो, २०२७ च्या फेब्रुवारीत देशाची लोकसंख्या मोजली जाईल. २०११ नंतरची ही पहिली जनगणना. तुमच्यापैकी काही जण प्रगणक म्हणून लोकांच्या दारात जातील, काही जण आपल्या घरी मोबाइलवर स्वतःच माहिती भरतील. घरातल्या बाईच्या कामाचा प्रश्न आला की तिच्या वतीने उत्तर देऊ नका. तिला बाहेर बोलवा, बसायला सांगा, प्रश्न नीट समजावून द्या, आणि ती सांगेल तेच लिहा.